दुपारी एक पस्तीसचं वळण

वैशाख लागला की बल्लारपुरात दुपारी बारा ते चार माणसं दिसत नाहीत. रस्ता पांढरा पडतो, कुत्री नालीतल्या ओल्या मातीत जाऊन झोपतात, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. कागदाच्या मिलचा वास वर्षभर आम्हाला जाणवत नाही, या दिवसांत तोही जाणवायला लागतो. लहानपणी मोठी माणसं सांगायची की भर दुपारी मोहाच्या झाडाखाली जाऊ नये, तिथे कुणीतरी उभं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. उभंबिभं कुणी नसतं, ऊन असतं, असं मी मुलांना वीस वर्षं ठासून सांगत आले. गेल्या वैशाखापासून तेच वाक्य म्हणताना आधी घसा साफ करावा लागतो.

आताही बारा वाजायला आले आहेत. वरच्या खोलीचा जिना वाजेल. बाबा चढतील.

बाबा रेल्वेत गँगमन होते. विरूरच्या पुढे जंगलातून जाणाऱ्या लाईनीचा एक तुकडा त्यांनी पायांनी इतक्या वेळा मोजला की त्यातल्या पुलाखालचे दगडही त्यांना ओळखीचे झाले. निवृत्तीनंतर आई गेली आणि ते माझ्याकडे राहायला आले. त्याच सुमारास माझा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची विजेवर चालणारी छोटी आगगाडी मागे राहिली. तळहाताएवढं इंजिन, चार डबे, बोटभर रुंदीचे रूळ. मी ती खोक्यात भरून माळ्यावर टाकणार होते. बाबांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, चाकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे खेळणं नाई व सुजी. हे गाडी हाय."

दिवाळी झाल्यावर वरच्या पत्र्याच्या खोलीत प्लायवूडचं मोठं टेबल आलं. त्यावर बाबांनी आपला तो तुकडा उभा करायला घेतला. पूल, नाला, एक मोह, आणि मोहाच्या पुढे डावीकडे जाणारं लांब वळण. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जायची. आम्ही दोघांनी मिळून त्या टेबलावर काय काय धंदे केले ते आठवलं की अजून हसू येतं, पण त्यातलं काही असं आहे की हसू अर्ध्यावर थांबतं.

पहिला घोटाळा खडीचा. रुळांखाली पसरायला बारीक खडी हवी होती आणि बाजारात मिळेना. आमचा मुलुख भाताचा. बाबांनी डब्यातली तांदळाची कणी काढली, काळी शाई आणि पाणी घालून रंगवली, उन्हात वाळवली आणि रुळांखाली अशी नेटकी बसवली की मी फोटो काढून मुलाला पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी मी वर गेले, तर खडी चालत होती. दोन्ही रुळांच्या मधून, पुलावरून, मोहाखालून, काळे कण एका ओळीत सरकत होते आणि टेबलाच्या कडेवरून खाली उतरत होते. माझ्या हातातला चहा सांडला. मुंग्या आहेत हे कळायला मला दोन श्वास लागले. बाबा मात्र खुर्चीत बसून शांतपणे पाहत होते. म्हणाले, "जंगलात रूळ टाकला तं जंगल घेऊनच जाते." त्यानंतर टेबलावर खायचं काही वापरायचं नाही, हा आमचा पहिला नियम झाला.

दुसरा नियम झटक्यात चिकटणाऱ्या डिंकाचा. बोटभर उंचीची माणसं रुळाकडेला चिकटवताना बाबांनी हातमोजे घातले नाहीत. आगगाडीच्या खोक्यातलाच एक लाल झेंडीवाला त्यांच्या उजव्या अंगठ्याला उभाच्या उभा चिकटला. ओढून निघेना. कोमट साबणाच्या पाण्यात तासभर बुडवल्यावर माणूस निघाला, पण अंगठ्यावर डिंकाची काच तशीच राहिली. आणि दुसऱ्या दिवशी बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन लाल. पुसून ठेवला, पुन्हा लाल.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मशीन तुम्हाले घेऊन नाई राह्यली."

"मंग मी हाय का नाई?" बाबांनी विचारलं.

"अंगठा लागला का हाय," ती सहज म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येताना ऑटोत मी हसून हसून बेजार झाले. बाबा अंगठ्याकडे बघत होते. "झेंडीवाला चिकटला तवाच समजलं होतं मले," एवढंच ते म्हणाले.

तिसरा नियम माझ्याच मूर्खपणातून आला. तारांना डाग देताना सोल्डरिंगची सळई टेबलावरून घरंगळली आणि मी ती हवेत झेलली. पडणारी गरम वस्तू कधी पकडायची नाही, मागे सरकायचं, हे मी दर वर्षी प्रयोगशाळेत पहिल्या तासाला सांगते. झेलताना मला त्यातलं अक्षरही आठवलं नाही. तळहाताला आडवा फोड आला, अजून तिथे गुळगुळीत रेघ आहे. बाबांनी माझा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या ड्यूटीतही असंच होतं म्हणाले. रूळ तापलेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माणूस टेकायला त्याच्यावरच हात ठेवतो.

चौथा थिनरचा. बंद पत्र्याच्या खोलीत रंगकाम करू नये, खिडकी उघडी हवी, ब्रश धुवायचं थिनर प्यायच्या ग्लासात ओतू नये. चैत्रात एका दुपारी मी जिना चढत असताना वरून बाबांचं बोलणं ऐकू आलं. "इथी थांब. पानी पे. मी पुढं पाहून येतो." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थिनरचा वास इतका होता की माझे डोळे चुरचुरले. बाबांसमोर स्टीलचे दोन ग्लास होते, एकात पाणी, एकात थिनर, दोन्ही सारखेच चकचकीत. मी खिडक्या उघडल्या, थिनर बाटलीत ओतून त्यावर मोठी फुली मारलेला कागद चिकटवला, बाबांना खाली आणलं. वाफेनं डोकं फिरतं, भास होतात, बोलणं सुटतं. मी त्यांना हे शास्त्रशुद्ध समजावलं आणि त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खिडक्या सताड उघड्या होत्या, थिनर खाली माझ्या कपाटात होतं, आणि वरून बाबांचा आवाज आला. "घे, बिल्ला घे."

बिल्ला म्हणजे काय ते इथेच सांगते. रुळांच्या तुकड्यांची टोकं वितळवून एकमेकांना जोडली की मैलोन् मैल सलग रूळ होतो. उन्हात तो वाढतो. वाढायला जागा मिळाली नाही तर बाजूला फुगतो, आणि फुगलेल्या रुळावर गाडी आली तर ती उलटते. म्हणून वैशाखात बारा ते चार गस्त असते. एका हद्दीचा माणूस या बाजूने चालत येतो, दुसऱ्या हद्दीचा त्या बाजूने. हद्दीवर दोघं भेटतात, आकडा लिहिलेला पत्र्याचा बिल्ला एकमेकांना देतात, वहीत एकमेकांची सही घेतात. बदली माणूस समोर येऊन बिल्ला हातात घेत नाही तोवर आपली जागा सोडायची नाही. बाबांनी टेबलासाठीही डबीच्या झाकणाचा बिल्ला केला होता आणि माझ्या शाळेतली जुनी हजेरीवही मागून घेतली होती.

वैशाख लागला तसे बाबा दुपारी जेवेनासे झाले. बाराला वर जायचे, चारला उतरायचे, मग थंड भात खायचे. मला सुट्टी होती. मी खाली कूलरसमोर पेपर तपासत बसायची. एका दुपारी वरून धप्प असा आवाज आला. इंजिन रुळावरून पडलं होतं, मोहाच्या पुढच्या वळणावर. मी घड्याळात पाहिलं, एक पस्तीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा धप्प. एक पस्तीस. तिसऱ्या दिवशी मी एक तीसपासूनच पेन खाली ठेवून बसले. पत्रा वाऱ्यानं करकरत होता, कूलरची मोटर घुमत होती, आणि वर ती इवली चाकं फिरतानाचा आवाज गोल गोल येत होता. मग तो थांबला आणि धप्प झालं.

संध्याकाळी मी वर जाऊन वळण तपासलं. रूळ सरळ, जोड पक्के, चाकं स्वच्छ. बटण दाबलं. गाडी वळणावरून वीस वेळा गेली, एकदाही पडली नाही.

"बाबा, दुपारीच काऊन पडते?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घरची होते.

"तिथी पडतेच ते," बाबा म्हणाले. "तो थांबवते तिले."

"कोण?"

बाबांनी वळणाकडे बोट दाखवलं. रुळाच्या कडेला लाल झेंडीवाला उभा होता, अंगठ्याला चिकटलेला तोच.

खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली. मला भुताची भीती नव्हती. बाबांची होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, सत्तेचाळीस अंशात पत्र्याखाली, उपाशी, रोज चार तास हवेशी बोलतो. एखाद्या दिवशी वरून इंजिनाऐवजी बाबाच पडल्याचा आवाज येईल, असं मला वाटायला लागलं. टेबल बंद करायचं मी ठरवलं. पण बंद करण्याआधी त्या एक पस्तीसला काय होतं ते मला बघायचं होतं, नाही तर पुढच्या वर्षी मुलांसमोर उभी कशी राहणार होते मी?

दुसऱ्या दिवशी बाराला मी बाबांच्या मागोमाग वर गेले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. गाडी फिरत राहिली. पाठीवरून घाम ओघळत होता. बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं. एक वाजला, सव्वा वाजला. मी वळणावरून नजर हलवली नाही.

आणि रूळ हलला.

कुणी हात लावला नव्हता. गाडी पलीकडच्या टोकाला होती. वळणाचा रूळ आवाज न करता, अगदी सावकाश बाहेरच्या बाजूला सरकला, झोपेतला माणूस कूस बदलतो तसा. झेंडीवाला त्याच्या धक्क्यानं किंचित फिरला आणि त्याची झेंडी येणाऱ्या गाडीकडे वळली. इंजिन आलं, अडखळलं आणि पडलं. बाबा हळूच म्हणाले, "पाह्यलं?"

मी रुळाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. तेव्हा मला ऊन दिसलं. छताला उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा बसवला होता. वैशाखातला डोक्यावरचा सूर्य त्यातून सरळ खाली उतरत होता आणि त्याचा पट्टा सरकत सरकत नेमका दीड वाजता त्या वळणावर येत होता, पाच मिनिटांत रूळ तापत होता. माघात सूर्य तिथे पोचत नव्हता, म्हणून तेव्हा काही झालं नाही. संध्याकाळी रूळ निवून पुन्हा जागेवर जायचा, म्हणून मला काही सापडलं नाही. आणि मूळ चूक साधी होती. रुळांच्या जोडात वाढायला फट ठेवलेली नव्हती. उभ्या आयुष्यात फुगणारे रूळ शोधत फिरलेल्या माणसानं स्वतःच्या टेबलावर रूळ घट्ट भिडवून चिकटवले होते.

मला सुटल्यासारखं झालं. मी भराभर सगळं समजावलं, फूटपट्टी लावून दाखवलं, जवळजवळ हसले. "बाबा, फट नाई ठेवली तुम्ही. तुम्ही!"

बाबा हसले नाहीत. ते वळणावर वाकले होते. "सकाळी सरळ होता ना हा?" त्यांनी विचारलं.

"सकाळी सरळच असते."

"सकाळी पाह्यलं तं दिसणार नाई?"

"कसं दिसंन? ऊन आल्यावरच वाकते तो."

"मंग मी सकाळी सातले पाह्यला, तो सरळच होता," बाबा म्हणाले आणि स्टूलावर बसले. मग त्यांनी मला सांगितलं. आईला माहीत होतं म्हणाले, मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचे जोडीदार होते महादेवभाऊ. राजुऱ्याकडच्या खेड्यातले, घरी धानाची शेती. दोघांनी सणांची अदलाबदल ठरवून टाकली होती. पोळ्याला महादेवभाऊ बैलांसाठी गावी जायचे, तेव्हा त्यांची ड्यूटी बाबा करायचे. बुद्ध पौर्णिमेला बाबांची ड्यूटी महादेवभाऊ करायचे. कागदावर कुठे नव्हतं, वर्षानुवर्षं चालत होतं. मी आठ वर्षांची होते त्या वर्षीही पौर्णिमेच्या सकाळी बाबा सातला लाईन बघून आले. बाराची गस्त महादेवभाऊंनी घेतली. म्हणाले, "तू जा, तुही पोरगी खीर वाटून राह्यली आज."

त्या वळणावर दुपारी रूळ फुगला. महादेवभाऊंनी पाहिला. गाडीची वेळ झाली होती. लाल झेंडी घेऊन ते त्या उन्हात गाडीकडे धावत सुटले, मैलभर तरी. गाडी थांबली. डब्यांतल्या माणसांना नुसती गाडी थांबल्याचं कळलं. महादेवभाऊ रुळाकडेला बसले ते उठले नाहीत. उन्हानं गेले.

"सगळे म्हनत, सकाळी कोनाले दिसत नाई ते. मलेही समजे," बाबा म्हणाले. "पन डोळ्यानं नव्हतं पाह्यलं. वाटे, माह्याकडून काई सुटलं असंन."

मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वेगळंच दिसत होतं. ती पौर्णिमा मला लख्ख आठवते. माझ्या लहानपणाचा सगळ्यात चांगला दिवस कोणता असं कुणी विचारलं असतं तर मी तोच सांगितला असता. पांढरा फ्रॉक, विहारातला गार फरशीचा ओटा, बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताचं नाव माझं, म्हणून खीर वाटायचा मान माझा. आणि बाबा दुपारचे घरी, पांढऱ्या सदऱ्यात, ओळीत बसलेले. मी त्यांच्या द्रोणात दोन पळ्या वाढल्या होत्या. ते खात असताना त्यांच्या जागी दुसरा माणूस उन्हात धावत होता. त्यानंतर बाबांनी पौर्णिमेला खीर खाल्ली नाही. साखर सोसत नाही असं आई म्हणायची आणि मी ते मानलं. मला त्या दुपारी वर खूप रडू आलं, बाबांसाठी आलं आणि त्या आठ वर्षांच्या मुलीसाठीही आलं.

टेबल मी बंद केलं नाही. बाबांनी बारीक करवतीनं वळणावर दोन ठिकाणी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट कापली. करवत चालवताना त्यांनी स्वतःहून डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आधी प्लग काढून खिशात टाकला, हा आमचा पाचवा नियम. छताच्या त्या पत्र्यावर मी पोतं टाकलं, वर पंखा बसवला. आता इंजिन फटीवरून जाताना टक असा आवाज येतो. बाबांना तो आवडतो.

पण बाराला वर जाणं थांबलं नाही. सकाळचं ओझं उतरलं, दुपारचं, जोडीदार आपल्या जागी उन्हात गेल्याचं, तसंच राहिलं. यंदाही वैशाख लागताच ते उपाशी चढायला लागले. मी एकदा हजेरीवही उघडून पाहिली. तारीख, वेळ, रूळ ठीक, बाबांची सही. शेजारी पलीकडच्याच्या सहीचा रकाना, पहिल्या पानापासून रिकामा.

आज पौर्णिमा आहे. सकाळी विहारात जाऊन आलो. खीर केली आहे, तांदळाची, वेलची घालून. जिना वाजला. मी कढई झाकली आणि त्यांच्या मागोमाग वर गेले.

"बाबा, बिल्ला द्या."

"काऊन?"

"माही ड्यूटी हाय आता. तुम्ही खाली जाऊन जेवा. खीर झाकून ठेवली हाय."

पत्रा करकरला. "चार वाजेपर्यंत राहा लागते," ते म्हणाले.

"राहते."

"पानी पेत राह्यजो."

"हो."

त्यांनी बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्या तळहातावर ठेवला, त्या आडव्या रेघेवर. मग रिकाम्या हातांनी ते दारात थोडा वेळ उभे राहिले. नंतर जिना उतरल्याचा आवाज आला, एकेक पायरी.

मी स्टूलावर बसले. गाडी फिरत होती. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं मला वाटत होतं आणि मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली नाही. ज्यानं इतकी वर्षं जागा सोडली नव्हती, त्यालाही आज बदली मिळाली असावी, असं काहीतरी मनात आलं, आणि विज्ञानाच्या बाईंनी ते येऊ दिलं.

खालून वाटीत चमचा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

इंजिन मोहाखालून वळणावर आलं. टक. पुढे गेलं. मी वही ओढली, एक पस्तीस लिहिलं, रूळ ठीक लिहिलं, आणि रिकाम्या रकान्यात सही केली.